उरलेल्या चामड्याचा शिकारी बटवा

अठराव्या शतकात अमेरिकेच्या अ‍ॅपलाचियन डोंगरांत हिंडणाऱ्या शिकाऱ्याच्या अंगावर तीन वस्तू हमखास असत: लांब नळीची ठासणीची बंदूक, दारूचं शिंग आणि काखेखाली लटकणारा चामड्याचा लहानसा बटवा. बंदुकांवर जाडजूड ग्रंथ लिहिले गेले. नकाशे आणि नावं कोरलेली शिंगं संग्रहालयांत काचेआड जपून ठेवली आहेत. बटव्याच्या वाट्याला त्या मानाने फार थोडं आलं, कारण तो वापरात झिजून संपला. घामाने, पावसाने, उंदरांनी नि कसरीने त्याचं चामडं खाल्लं आणि जे धड राहिलं ते कापून दुसऱ्या कशाला तरी ठिगळ म्हणून लागलं. आज संग्रहांत दिसणारे बहुतेक बटवे एकोणिसाव्या शतकातले आहेत. खात्रीने त्याआधीचे म्हणता येतील असे फार मोजके. मॅडिसन ग्रँट यांनी १९७७ मध्ये केंटकी रायफलीचा बटवा आणि त्यातलं सामान यावर पुस्तक काढलं. ज्यांना या विषयात खोलवर जायचं आहे त्यांनी ते आजही आधी मिळवून वाचावं.

प्रस्तुत पुस्तिका हा बटवा हाताने कसा करावा याची आहे, आणि तोही उरल्यासुरल्या तुकड्यांतून. तुकडेच का, हे सांगण्यासाठी ही प्रस्तावना जरा लांबवली आहे. दुकानातून अखंड, निर्दोष चामडं आणून, त्यावर छापील नमुना ठेवून कापलेला बटवा दिसायला सुबक होतो, पण तो या जातीचा राहत नाही. या बटव्याला आकार दिला तो दोन गोष्टींनी: बंदूक ठासणाऱ्या हाताला काय लागत होतं, आणि मोठ्या वस्तू कापून झाल्यावर घरात चामड्याचं काय उरलं होतं. ही दोन्ही अंगं समजली की बटव्याची रुंदी, झडपेची गोलाई, पट्ट्याची लांबी यांची कारणं आपोआप उलगडतात आणि नमुन्याच्या कागदावर फारसं विसंबावं लागत नाही.

आधी हाताकडे पाहू. या बंदुका घडवल्या त्या पेनसिल्व्हेनियात लँकेस्टरच्या आसपास वसलेल्या जर्मन आणि स्विस कारागिरांनी. केंटकी रायफल हे नाव त्यांना मागाहून चिकटलं. नळीच्या आतून पिळाच्या खाचा, आणि गोळी नळीच्या तोंडापेक्षा अगदी थोडी लहान. एकदा बार उडाला की पुन्हा सगळं पहिल्यापासून. शिंगातून मापात दारू घ्यायची, नळीत ओतायची. चरबी लावलेली कापडाची चकती नळीच्या तोंडावर ठेवायची, तिच्यावर शिशाची गोळी. वर उरलेलं कापड सुरीने छाटायचं. गजाने गोळी तळापर्यंत ठासायची. मग बंदुकीच्या कानाजवळच्या, म्हणजे पेट देणाऱ्या भोकाजवळच्या, वाटीत चिमूटभर रंजक घालून वरचं झाकण पाडायचं. चकतीमुळे गोळीची खाचांवर घट्ट पकड बसते आणि ती गरगर फिरत बाहेर पडते, म्हणून नेम लांबवर टिकतो. सरावलेल्या हातालाही या सगळ्याला अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ लागे. तेवढ्यात सावज पळतं, किंवा जखमी अस्वल अंगावर येतं. नजर समोरच्या झाडीवरून हलवायची नाही आणि उजव्या हाताने आंधळेपणाने लागेल ती वस्तू काढायची, अशी ही कसरत होती.

बटव्यात काय असे? गोळ्या, बहुधा वेगळ्या छोट्या थैलीत. चकत्यांसाठी जुन्या लिननची तेलकट पट्टी. दोन-चार जादा चकमकी. चकमक बंदुकीच्या घोड्याच्या जबड्यात पक्की बसावी म्हणून तिच्याभोवती घालायची चामड्याची घडी. कानाच्या भोकात बसलेली काजळी काढायला तार, वाटी झाडायला बारीक कुंचली. नळी पुसायला पिंजलेल्या जवसाच्या धाग्यांचा बोळा आणि तो गजाच्या टोकाला अडकवायचा पेचदार आकडा. लांबच्या फेरीवर शिसं आणि गोळ्या ओतायचा साचा. दारूचं माप, बहुतेकदा हरणाच्या शिंगाच्या टोकातून कोरलेलं, पट्ट्यालाच लटके. चकती छाटायची सुरीही पुष्कळदा पट्ट्यालाच.

एवढं सामान ठेवायचं तर बटवा मोठा हवा असं नवख्याला वाटतं. माझ्याकडे शिकायला येणारे बहुतेक जण पहिला बटवा शबनम पिशवीएवढा आखतात. पण मोठ्या बटव्यात सगळं तळाशी एकत्र जमतं आणि हात चाचपडत बसतो. जुने बटवे साधारण सात इंच रुंद, सहा-सात इंच खोल आढळतात, कित्येक त्याहूनही लहान. मापाची कसोटी आपल्याच हातात आहे. तोंड इतकं रुंद हवं की पंजा आत जावा आणि मूठ मिटून बाहेर यावी. खोली इतकीच की मनगट तोंडाशी असताना बोटांची टोकं तळाला टेकावीत. मापं सांगताना मी आधी प्रत्येकाला आपला पंजा कागदावर ठेवून रेघ मारायला लावतो ते यासाठी. बटव्याची जागाही हातानेच ठरते. पट्टा डाव्या खांद्यावरून आडवा येतो, बटवा उजव्या कोपराच्या जरा खाली, बरगड्यांना धरून बसतो. तो कमरेच्या खाली गेला की पळताना मांडीवर आपटतो आणि वाकलं की पुढे येतो.

वजनाचा विचार करा. अर्ध्या इंचाच्या नळीची एक गोळी साडेअकरा ग्रॅमच्या आसपास भरते. पौंडभर शिशातून अशा चाळीसेक गोळ्या निघतात. वीस गोळ्या म्हणजे पाव किलोला थोडं कमी, आणि हे सगळं वजन तळाच्या शिवणीवर, त्यातही एका कोपऱ्यात. म्हणून चांगल्या बटव्याच्या शिवणीत दोन थरांच्या मधोमध चामड्याची एक अरुंद पट्टी घातलेली असते. शिंपी कापडात मगजी घालतो तीच ही युक्ती. इथे ती शोभेपेक्षा धाग्याच्या रक्षणासाठी आहे. बटवा उलटा शिवून सुलटा केला की ही मगजी कडेने डोकावते, घासायचं ते तिलाच घासतं आणि टाका आत सुरक्षित राहतो. इथेही कापताना पडलेल्या अरुंद पट्ट्या कामी येतात. मगजीसाठी नवं चामडं कापणं मला आजही जिवावर येतं.

आता चामड्याकडे. या डोंगराळ वस्त्यांतल्या रोजच्या जगण्याचं सर्वांत विश्वासार्ह वर्णन जोसेफ डॉड्रिज यांनी केलं आहे. ते १७६९ साली जन्मले, पश्चिम पेनसिल्व्हेनियाच्या सीमेवरच्या वस्तीत वाढले, आणि १८२४ मध्ये त्यांनी आठवणींचं पुस्तक प्रसिद्ध केलं. ते सांगतात की प्रत्येक कुटुंब आपलं चामडं आपणच कमावत असे. लाकडाचा मोठा हौद कोरून काठापर्यंत जमिनीत पुरायचा. वसंतात रान तोडताना, कुंपणं घालताना निघालेली झाडांची साल वाळवून ठेवायची आणि पावसाळी दिवसांत कुऱ्हाडीच्या तुंब्याने वा मोगरीने ठेचायची. केस काढायला चुन्याऐवजी राख. माशाच्या तेलाऐवजी अस्वलाची किंवा डुकराची चरबी. काळा रंग हवा तर काजळी आणि चरबी कालवून. त्यांच्याच शब्दांचा आशय सांगायचा तर चामडं खरबरीत होई, पण टिकाऊ होई.

सालीत कमावणं हे महिनोन्‌महिन्यांचं काम. सालीतला टॅनिनचा अंश कातड्याच्या प्रथिनांशी हळूहळू बांधला जातो, तेव्हा कुठे ते कुजायचं थांबतं. हरणाच्या कातड्याला मात्र दुसरी रीत होती, आणि ती गोऱ्या वसाहतवाल्यांनी शॉनी, चेरोकी आणि इतर मूळ रहिवाशांकडून घेतली. कातडं दोन्ही अंगांनी खरवडायचं, जनावराचाच मेंदू पाण्यात कालवून त्यात चोळायचा, मग ते पूर्ण वाळेपर्यंत ताणत, पिळत, ओढत राहायचं. मेंदूतली स्निग्ध द्रव्यं पाण्याबरोबर तंतूंच्या आत शिरतात आणि ताणण्यामुळे तंतू एकमेकांना चिकटत नाहीत. शेवटी कुजट लाकडाचा मंद धूर. तो दिला की चामडं भिजून पुन्हा वाळलं तरी कडक होत नाही. हे अत्यंत कष्टाचं काम होतं, आणि आग्नेयेकडच्या चेरोकी नि मस्कोगी समाजांत ते मुख्यतः स्त्रिया करत. बाजारात गेलेल्या लक्षावधी हरणांच्या कातड्यांमागे त्यांचे हात आहेत. शिकाऱ्यांची नावं इतिहासात राहिली, या बायकांची जवळजवळ नाहीतच.

लक्षावधी हा शब्द अतिशयोक्तीने वापरलेला नाही. १६९९ ते १७१५ या काळात एकट्या चार्ल्सटन बंदरातून वर्षाला सरासरी ५४,००० च्या आसपास हरणांची कातडी इंग्लंडला जात होती. तिथे त्यांच्या विजारी, हातमोजे, पुस्तकांच्या बांधण्या होत. १७६० नंतर केंटकी आणि टेनेसीच्या रानांत महिनोन्‌महिने मुक्काम ठोकणारे जे शिकारी गेले, ते या व्यापारासाठी गेले. त्यांच्यापैकीच एक, डॅनियल बून, १ मे १७६९ रोजी यॅडकिन नदीकाठचं घर सोडून निघाला. त्याच वर्षी डिसेंबरात शॉनींनी त्याला आणि त्याच्या सोबत्याला पकडलं, जमवलेली कातडी काढून घेतली आणि परत जा म्हणून बजावलं. ही घटना बरीच वर्षं लूटमार म्हणून सांगितली गेली. शॉनींच्या बाजूने पाहिलं तर ते आपल्या शिकारीच्या रानात घुसलेल्या माणसांचा माल जप्त करत होते. १७६३ च्या ब्रिटिश राजाज्ञेने डोंगरांपलीकडे वसाहत करायला मनाई केली होती. १७६८ च्या फोर्ट स्टॅनविक्सच्या तहात त्या प्रदेशावर पाणी सोडलं ते इरोक्वॉय संघाने, तिथे शिकार करणाऱ्या शॉनींना कोणी विचारलं नव्हतं. हा बटवा करायला घेणाऱ्याला हे ठाऊक असलंच पाहिजे असं मी मानतो. ज्या काखेखाली तो लटकला, ती माणसं दुसऱ्यांच्या भूमीवर चालत होती, आणि त्या भूमीवरची हरणंही त्यांनी झपाट्याने संपवत आणली.

मग चांगलं कातडं बाजाराला जाणार, आणि घरात राहणार ते पायांसाठी. मोकासिन हा पायातला जोडा चामड्याच्या एका तुकड्याचा, पावलाच्या वरच्या बाजूला चुण्या घालून शिवलेला. तो रोज फाटे. डॉड्रिज यांच्या पुस्तकातला एक तपशील मला या सगळ्या विषयाचं केंद्र वाटतो. जुन्या मिटत्या चाकूच्या पाठीची पोलादी पट्टी काढून तिची आरी करत, तिला हरणाच्या शिंगाची मूठ बसवत, आणि ही आरी प्रत्येकाच्या बटव्याच्या पट्ट्याला टांगलेली असे. तिच्या सोबतीला हरणाच्या चामड्याची एक गुंडाळी. जवळजवळ रोज संध्याकाळी शेकोटीपाशी बसून त्या गुंडाळीतून तुकडा कापायचा, वादी काढायची आणि जोड्याला ठिगळ लावायचं. म्हणजे उरलेलं चामडं हे शिकाऱ्याच्या सामानातलं एक सामानच होतं, दारूगोळ्याइतकं गरजेचं. ज्या माणसाच्या पट्ट्याला आरी आणि तुकड्यांची गुंडाळी कायम लटकते, तो आपला बटवा कशातून शिवणार हे वेगळं सांगायला नको. विजारीची टांग कापून राहिलेला त्रिकोण, मानेचा सुरकुतलेला भाग, फाटलेल्या जोड्याची अजून शाबूत असलेली वरची बाजू: हेच.

तुकड्यांतून पिशवी करण्याची परंपरा याच डोंगरांत सुरू झाली असं अर्थातच नाही. १९९१ च्या सप्टेंबरात ऑस्ट्रिया-इटलीच्या सीमेवर, ३,२०० मीटर उंचीवर, बर्फात सापडलेल्या सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या माणसाच्या कमरपट्ट्यालाही वासराच्या चामड्याची लहान पिशवी शिवलेली होती. तिच्यात गारगोटीची हत्यारं, हाडाची आरी आणि ठिणगी धरणारी वाळकी बुरशी होती. त्याच्या कपड्यांच्या चामड्याची जनुकीय तपासणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याचा कोट शेळ्या-मेंढ्यांच्या कित्येक कातड्यांचे पट्टे जोडून केलेला निघाला, टोपी अस्वलाच्या कातड्याची, बाणांचा भाता एका जातीच्या हरणाच्या. एका माणसाच्या अंगावर इतकी जनावरं, आणि सगळी तुकड्यातुकड्यांनी. हे वाचल्यापासून मला जोड असलेल्या चामड्याची लाज वाटणं विचित्रच वाटतं.

आपल्याकडे हा बटवा करू पाहणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो चामड्याचा. हरणाचं कातडं विसरून जावं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली सांबर, चितळ, भेकर यांची शिकार तर बंद आहेच, त्यांची कातडी विकणं-विकत घेणंही गुन्हा आहे. आजोबांच्या काळची म्हणून कोणी देऊ केली तरी हात लावू नये. शेळी आणि मेंढी आपल्याकडे मुबलक आहेत. बकऱ्याचं चामडं एक ते दीड मिलिमीटर जाडीचं मिळालं तर या कामाला त्याच्यापेक्षा चांगलं काही नाही. ते पातळ असून चिवट असतं, उलटताना फाटत नाही आणि वापराने सुंदर मऊ होतं. मेंढीचं अधिक मऊ, पण त्याचा वरचा थर सुटतो. ते आतल्या कप्प्याला ठेवावं.

तुकडे कुठून घ्यावेत यापेक्षा ते कसे कमावलेले आहेत हे पाहणं महत्त्वाचं. क्रोमने चामडं कमावण्याच्या पद्धतीचं पेटंट अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झ याने १८८४ मध्ये घेतलं. काही महिन्यांचं काम त्याने थोड्या दिवसांवर आणलं आणि आज जगातलं बहुतेक चामडं त्याच मार्गाने कमावलं जातं. धारावीच्या गाळ्यांत जॅकेट नि पाकिटं कापून उरलेल्या तुकड्यांचे ढीग मुख्यतः क्रोमचे. ते वाईट नाहीत, रोजच्या वापराच्या पिशवीला उत्तमच. पण अठराव्या शतकातल्या बटव्याला ते शोभत नाहीत, आणि कामही वेगळं करतात. भिजवून घडी घातली तर क्रोमचं चामडं पुन्हा उलगडतं, कडा घासून चमकत नाहीत. सालीत कमावलेलं चामडं भिजवून दाबलं तसं वाळतं, आणि कड ओली करून हाडाने घासली की एकजीव होते.

सालीतलं चामडं आपल्या दारातच आहे. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावतात. २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. तिथल्या कारागिरांकडे तळव्याचं जाड म्हशीचं चामडं असतं तसं वरच्या पट्ट्यांचं पातळही असतं, आणि दोन्हींचे तुकडे पडतात. पातळ तुकडे बटव्याच्या अंगाला घ्यावेत. जाड तुकडा रापीने छिलून पट्ट्याच्या टोकांना, बक्कल बसवायच्या जागी वापरावा. तुकडे मागायला जाल तेव्हा पैसे देऊन घ्या. ज्यांनी ते चामडं कमावलं आणि कापलं त्यांच्या लेखी तो कचरा नाही, आणि या कामाला समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जी अवहेलना दिली तिच्यात आपण फुकट्या मागणीने भर घालू नये.

हातातला तुकडा सालीतला की क्रोमचा हे ओळखायला जाळून पाहू नका. क्रोमचा धूर आणि राख दोन्ही अपायकारक. कापलेली कड पाहा. सालीचं चामडं आरपार तपकिरी असतं, क्रोमच्या मधल्या थरात निळसर-राखी छटा दिसते. रंग चढवलेला असेल आणि शंका राहिली तर लोखंडाचा कीस दोन-चार दिवस व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा आणि ते पाणी एका कोपऱ्यावर लावा. सालीतलं टॅनिन लोखंडाशी मिळून काळंभोर होतं. हिरड्याच्या काढ्यात लोखंड घालून पोथ्यांची शाई करत ती याच गुणावर. बटवा काळा हवा असेल तर रंग विकत न आणता हेच पाणी वापरायची पद्धत पुस्तिकेत दिली आहे.

मग तुकडा वाचायचा. मी या कामातला सर्वांत मोठा आनंद इथे मानतो आणि सर्वांत जास्त वेळही इथेच द्यावा असं सांगतो. जनावराच्या पाठीकडचं चामडं घट्ट विणीचं, कमी ताणणारं. पोटाकडचं सैल, एका बाजूला भरपूर ओढलं जाणारं. मानेचं जाड आणि सुरकुत्यांचं. पायांकडचं अरुंद, आकाराला वेडंवाकडं पण चिवट. डोक्याकडून शेपटीकडे चामडं कमी ताणतं, आडवं जास्त. तुकडा दोन्ही हातांत धरून आधी उभा ओढा, मग आडवा, मग तिरका. कुठल्या बाजूला किती जातो ते खडूने बाण काढून त्याच्यावरच लिहा. बटव्याची मागची बाजू पाठीच्या तुकड्यातून यायला हवी, कारण पट्टा तिलाच शिवला जातो आणि सगळं वजन तिथेच लटकतं. पुढची बाजू जरा ताणली तरी चालते. झडप अशा तुकड्याची हवी जी आपल्या वजनाने खाली पडून राहील. पोटाकडचं चामडं झडपेला घेतलं की वर्षभरात त्याच्या कडा वळतात. मानेच्या सुरकुत्या पुढच्या अंगावर आल्या तर मला फार आवडतात. गोचिडीचे डाग, काट्याचे ओरखडे, जखमा भरल्याच्या खुणा हे सगळं जनावराच्या आयुष्यातून आलेलं आहे आणि त्याने चामडं कमजोर होत नाही. खाटकाच्या सुरीची खाच मात्र पारखून घ्या. ती आतल्या बाजूने असते, वरून दिसत नाही, आणि ताण आला की तिथूनच फाटतं.

पुरेसा मोठा तुकडा नसेल तर जोडा. जोड कुठे द्यायचा हे मात्र ठरवून द्या: झडप आणि मागची बाजू यांच्या सांध्यावर, जिथे तसाही वाक असतो, किंवा पुढच्या अंगाच्या वरच्या तिसऱ्या हिश्शात, जो झडपेखाली झाकला जातो. तळाला जोड कधीच नको. पट्टा एका लांबीचा मिळणं तुकड्यांतून अशक्यच, तेव्हा तो तीन-चार भागांचा करावा, किंवा सरळ विणलेला घ्यावा. जुन्या बटव्यांवर लोकरीचे विणलेले पट्टेही आढळतात, आणि आपल्याकडची जाड सुती नवार त्या कामाला चोख बसते.

शिवणीबद्दल थोडक्यात. एक दोरा, दोन सुया, आरीने आधी पाडलेलं भोक, आणि दोन्ही सुया एकाच भोकातून समोरासमोर. जवसाचा दोरा मधमाशीच्या मेणावरून ओढून घ्यावा. इंचाला सहा ते आठ टाके पुरेत. दाट टाक्यांनी पातळ चामडं भोकाभोकांवर फाटतं. या टाक्यात दोऱ्याची दोन्ही टोकं प्रत्येक भोकातून स्वतंत्र गेलेली असतात, म्हणून एक टाका तुटला तरी शेजारचे उसवत नाहीत. अस्तर शक्यतो फिकट रंगाच्या सुती किंवा लिनन कापडाचं घाला. आत अंधार असतो आणि काळी वस्तू काळ्या चामड्यावर दिसत नाही.

झालरी, अस्वलाची नखं, हाडांचे मणी, पिसं यांबद्दल विचारणा नेहमी होते. संग्रहांतले जुने, कामाचे बटवे बहुतांशी साधे आहेत. एखाद्याच्या झडपेला कातरलेली नक्षी, कडेला पट्टी, झडपेचा खालचा भाग मधोमध दुभागून दोन गोलाकार पाकळ्या केलेला, इतपतच. सजावट हवी तर ती करावी, माझी हरकत नाही. पण ती या परंपरेची म्हणून करू नये. नव्या बटव्यावर वाळूचा कागद घासून, चहाचं पाणी लावून तो जुना दिसेल असं करण्याला माझी ठाम हरकत आहे. जुन्या वस्तूंच्या बाजारात अशी नक्कल अस्सल म्हणून फिरू लागते, आणि जे मोजके खरे बटवे उरले आहेत त्यांच्या अभ्यासात कायमचा गोंधळ शिरतो. बटव्याच्या आत, अस्तराखाली, आपलं नाव आणि साल दाभणाने टोचून लिहावं अशी माझी प्रत्येकाला विनंती आहे.

शिकार आपल्या वाट्याची नाही, मग हा बटवा कशाला? पक्षी पाहणाऱ्यांना, गडकोट हिंडणाऱ्यांना, शेतावर दिवस काढणाऱ्यांना तो अतिशय सोयीचा पडतो. छोटी दुर्बीण, वही, पेन्सिल, चाकू, काडेपेटी हे सगळं नजर न वळवता हाताला लागतं, कारण तो त्याच गरजेतून घडला आहे. शिवाय हातशिवणीचं जवळजवळ सगळं शिक्षण या एका लहान वस्तूत येतं: कापणं, छिलणं, मगजी घालणं, उलटणं, अस्तर, पट्टा, बक्कल. ज्याला हा जमला त्याला घोड्याचं खोगीर सोडून बहुतेक सगळं शिवता येईल.

पुस्तिकेचा क्रम कामाच्या क्रमाने लावला आहे. पहिली दोन प्रकरणं तुकडे जमवणं, वाचणं आणि मांडणं यांची. कात्री तिसऱ्यात येते. वर्तमानपत्राचा कागद कापून आधी कच्चा बटवा टाचून पाहण्याची पायरी कोणीही वगळू नये. लांबी-रुंदीची मापं इंचांत आहेत, कारण जुन्या बटव्यांची नोंद तशीच झालेली आहे. चामड्याची जाडी मात्र मिलिमीटरमध्ये, कारण आपल्याकडे ती तशीच विचारली जाते. सगळ्या आकृत्या उजव्या हाताने काम करणाऱ्यांसाठी काढल्या आहेत. डावखुऱ्यांनी पट्टा उजव्या खांद्यावर घेऊन बटवा डाव्या बाजूला ठेवावा, बक्कल त्यानुसार समोरच्या बाजूला आणावं आणि आतला छोटा कप्पा मागच्या भिंतीच्या डाव्या कोपऱ्याऐवजी उजव्या कोपऱ्यात शिवावा. बाकी मापांत काही बदल करायची गरज नाही.